बाराव्या भोकाची जागा

॥ कानबाई माता प्रसन्न ॥

सावदा-फैजपूर रस्ता, पंपामागचं घर
आषाढ वद्य प्रतिपदा, शुक्रवार, ११ जुलै २०२५

चि. सौ. ज्योत्स्ना हिला,

तुझ्या सासूचे डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. इकडे मी, म्हैस आणि भिंतीवरच्या फोटोतले तुझे सासरे असे तिघे मजेत आहोत. धुळ्याला तुम्ही दोघं मजेत असाल, भूपेंद्रचा गुडघा आता दुखत नसेल, असं धरून पुढे लिहिते.

पत्र पाहून तुला वाटेल म्हातारीला काय झालं. काही झालं नाही. फोनवर तू "हो आई, बरं आई" म्हणतेस आणि फोन भूपेंद्रच्या हातात देतेस. पत्र असं मधेच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. तिसरीपर्यंतचं अक्षर आहे, काना-मात्रा तू सांभाळून घे. कागद तुझ्या मोहिनीचे आहेत. पुढच्या बाजूला रकाने छापलेत, खोली किती, माती कोणती, रंग काय, वास आहे की नाही. मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते.

आता मोहिनीचं सांगते, त्यासाठीच तर बसले. मंगळवारी दुपारी दारात जीप थांबली. पिवळी टोपी, अंगात चकाकणारं जाकीट, पायात गुडघ्यापर्यंत बूट. मी म्हशीला पाणी दाखवत होते. म्हटलं, "पंप पुढं आहे बाई, हे घर आहे." तर ती साहेबीण म्हणते, "आजी, चहा तू देते का पंपावर जाऊ?" अगं, माझ्या हातातली बादली पडली. आठ वर्षांनी पाहिली पोरगी. चौदा वर्षांची गेली होती, दोन वेण्या घालून. मी तिला टोपीसकट कवटाळलं. टोपीची कड कपाळाला लागली, टेंगूळ आलंय. पण काय सांगू, दुखत नाही.

वरणबट्टी केली, वांग्याची घोटलेली भाजी केली. पोरीनं पाच बट्ट्या खाल्ल्या. लॉजवर राहायचे पैसे कंपनी देते म्हणाली, तरी माझ्याकडेच राहिली. तुला फोनवर सांगितलं म्हणे, आणि तू "बरं" म्हणालीस. त्या "बरं"साठी मी देवापुढे साखर ठेवली.

ती आलीय कशाला ते तुला ठाऊक असेल, तरी माझ्याकडून ऐक. पंपाच्या जमिनीत पेट्रोल मुरलंय. नसीम आठवते ना, आपल्या घराखाली नाल्याच्या उतारावर राहते ती, जिच्या नवऱ्याचं, अन्वरचं, पंक्चरचं दुकान? तिच्या बोअरच्या पाण्याला होळीपासून वास येतो. अन्वरनं अर्जावर अर्ज केले, तेव्हा तेलकंपनीनं माती तपासायला नाशिकची माणसं पाठवली आणि त्यात आपली मोहिनी. तिच्यावर एक अभिमन साहेब आहेत, पुण्याकडचे, बिनसाखरेचा चहा पितात. बाकी तीन बाप्ये मोहिनीच्या हाताखाली. ती "थांबा" म्हणाली की थांबतात.

बारा भोकं पाडायची आहेत. बाराच, जास्त नाही, तेवढंच मंजूर आहे. मशीनच्या पोटातून लोखंडी नळी जमिनीत जाते आणि वर आली की आतून मातीची लांब कांडी निघते, सोऱ्यातून शेव पडावी तशी. वर काळी, मग पिवळी, मग मुरूम. मोहिनी त्याचा तुकडा पिशवीत घालून हलवते आणि एका यंत्राची चोच आत खुपसते. आकडे पळतात. आकडा मोठा तेवढं पेट्रोल जास्त. मग ती माती बाटलीत, बाटली बर्फाच्या पेटीत. मी म्हटलं, एवढी ठेप तर आम्ही बाळंतिणीची ठेवत नाही.

मी जवळ जाऊन वास घ्यायला वाकले तर ओरडली.

"आजी! नाक लावायचं नाही. विषारी असतं."

"मले नको शिकवू. गावातलं तूप माह्या नाकावर पास होते. भेसळ असली तर डब्याचं झाकण उघडायच्या आधी सांगते मी."

"सांगशील गं. पण नाक वास आहे एवढंच सांगतं. तो आला कुठून हे नाक सांगत नाही. त्याच्यासाठी भोक पाडावं लागतं."

सगळे हसले. मीही हसले. मग घरात येऊन उगीच डाळ निवडत बसले, ती निवडलेलीच होती.

संध्याकाळी ती परसात फिरत होती. सगळीकडे केळी लावलीय, शेवगा आहे, गवती चहा आहे. तुला आवडायचा म्हणून ठेवलाय. म्हणाली, "आजी, गोठ्यामागे भिंतीजवळ एवढी जागा मोकळी का? आपल्या भागात तर खुंटी ठोकली तरी केळ येते." मी म्हटलं, खडक आहे खाली. ती "अच्छा" म्हणाली आणि बुटाच्या टाचेनं माती उकरून बघत राहिली. मी तिला हाक मारून आत बोलावलं, बट्टी गार होते म्हणून.

कानबाई तेवीस दिवसांवर आली. गहू निवडून ठेवलेत. त्या जुन्या गोष्टीचं मी काही लिहीत नाही, तूही मनात आणू नकोस. आनंदाचं पत्र आहे हे.

तुझी सासू,
भिकुबाई

---

सोमवार, १४ जुलै, संकष्टी

चि. सौ. ज्योत्स्ना हिला आशीर्वाद.

पहिलं पत्र पोचलं की नाही कोण जाणे. पोस्टातला मुलगा म्हणाला, चार दिवस धरा आजी. आज उपास आहे. भगर केली होती, मोहिनीनं माझ्या वाटणीचीही खाल्ली, खाऊ दे. तशी खातेय हेच पुष्कळ, कारण दोन दिवस झाले पोरगी हसत नाही.

अकरा भोकं झाली. प्रत्येक भोकाशी लाल झेंडी लावलीय, पंप म्हणजे लग्नाचा मांडव दिसतो. टाकीजवळच्या तीन भोकांत आकडे पळाले. रस्त्याच्या बाजूच्या भोकांत काही नाही. मागच्या बाजूला, आपल्या भिंतीला लागून, पंपाचं ऑफिस आणि जनरेटरची खोली आहे, तिथं मशीन शिरत नाही. म्हणून तिकडं पाडलंच नाही.

काल पंपाचे मालक अमृतशेठ आले होते. तू तिथं कामाला होतीस तेव्हा याचे वडील बसायचे गल्ल्यावर, हा तेव्हा कॉलेजात मोटारसायकल फिरवायचा. आता पोट सुटलंय. पेढे घेऊन आला. ओसरीवर अभिमन साहेबांना म्हणाला, "साहेब, मागच्या दिवाळीत टँकर खाली करताना पाइप निसटला, थोडं सांडलं, एवढंच आहे. वरची माती काढा, दोन ट्रक भरा, नवी टाका, विषय मिटला."

मोहिनी म्हणाली, "आणि खालच्या बोअरचं काय?"

तर तो हसला. "ताई, अन्वरचं दुकान पाहिलं का? दिवसभर रॉकेलात, सोल्यूशनमध्ये हात. त्याचेच हात, त्याचीच बादली, त्याचीच बोअर. वास त्याच्याच हाताचा आहे."

ज्योत्स्ना, मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. बशीतला चहा सांडला. साखरेच्या मुंग्या होतील म्हणून लगेच पुसला. पण ते वाक्य काही पुसलं जाईना.

नसीमची सून आहे, खुशनुमा. सातवा महिना चालू आहे. गोरीपान, लाजरी, मला "अक्का, अक्का" करते. ते लोक प्यायला आता नळाचं आणतात, पण नळाला पाणी चौथ्या दिवशी, मग स्वयंपाकाला, अंघोळीला बोअरचंच. होळीच्या आधी तर प्यायलाही तेच होतं. वास नव्हता म्हणून. वास नव्हता म्हणजे काही नव्हतं असं नाही, हे मोहिनी सांगते. वास येण्याच्या आधीसुद्धा थोडं थोडं येत असतं म्हणे.

हे ऐकल्यापासून मी सकाळ-संध्याकाळ आपल्या नळाची कळशी तिच्याकडे पोचवते. आज नसीम दारात कमरेवर हात ठेवून उभी. "क्या अक्का, मेरे घर में नळ लगा रहे क्या? इस उमर में कळशी उठाते. गिरे तो गाववाले मेरेच नाम से बोंब मारेंगे."

मी म्हटलं, "तुह्यासाठी नाही आणलं. नातवासाठी आणलं."

"नातू मेरा है, कळशी तुम्हारी. हिसाब बराबर नहीं बैठता." हसत हसत कळशी घेतली, आणि मला आत बसवून शेवया दिल्या. उपास आहे म्हटलं तर डब्यात बांधून दिल्या, उद्यासाठी. तिच्या हाताकडे बघत बसले मी. ती पूर्वी आपल्याच विहिरीवर पाणी भरायची, आठवतं ना? तू आणि ती रहाटाशी उभ्या राहून काय काय खिदळायच्या. मग मी विहिरीवर पत्रा टाकला, वर सरपण रचलं, पाणी आटलं म्हणून सांगितलं. तेव्हा तिनं उतारावर बोअर घेतली.

दुपारी मोहिनीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, समज हे दिवाळीचं नसलं, जुनं असलं, तर?"

ती झटकन वळली. "जुनं असलं तर सगळंच बदलतं आजी. सांडलेलं वरच राहतं. पण जमिनीतला पाइप वर्षानुवर्षं ठिबकत असला तर ते खाली जातं आणि उताराला लागतं. मग भिंतीच्या आतली माती काढून उपयोग नाही. भिंतीबाहेर खणावं लागेल, नाल्यापर्यंतच्या सगळ्या बोअर तपासाव्या लागतील, आणि नसीमचाचीच्या घरी त्याच दिवसापासून पाणी पुरवावं लागेल. कंपनीला."

"आणि नसलं जुनं?"

"तर दोन ट्रक माती. आणि चाचीच्या बोअरचा ठपका अन्वरचाचाच्या हातांवर जाईल."

"मग कळायचं कसं?"

"एक तर कोणी सांगायला पाहिजे, नाहीतर भोकानं. भोक एकच राहिलंय. अभिमन सर म्हणतात फाटकाजवळ पाडू, नकाशा पूर्ण दिसतो. मशीन बुधवारी संध्याकाळी परत जाणार." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू इतकी वर्षं भिंतीच्या अलीकडे राहतेस. तुला कधीच काही जाणवलं नाही? तुझं नाक तर..."

मी म्हटलं, "म्हशीला पेंड घालायची राहिली."

मला सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. पण तिला सांगायच्या आधी तुला सांगायला पाहिजे, आणि तुला सांगायला बसले तर इथपर्यंत आले आणि हात थांबतो. चंद्र उगवायचा आहे. उपासानं डोकं जड झालंय.

तुझी,
तू जिला आई म्हणतेस ती

---

बुधवार, १६ जुलै, दुपार

ज्योत्स्ना,

आज खुशाली शेवटी लिहीन. आधी हे.

सकाळी नऊ वाजता मोहिनीनं बारावी झेंडी फाटकाशी रोवली. मशीनवाले तिकडं निघाले. मी ओसरीवरून बघत होते. तेवढ्यात खुशनुमा रस्त्यानं चालली होती, फैजपूरला दवाखान्यात, एक हात पोटावर. मला बघून तिनं दुसरा हात हलवला.

मी चप्पल न घालता गेले. फाटकाशी जाऊन झेंडी उपटली आणि घेऊन निघाले. मागून अभिमन साहेब, "अहो आजी, ती झेंडी! आजी, ती मोजून लावलीय!" मशीनवाला हसतोय. मोहिनी धावत आली. मी घरातून, गोठ्यातून, म्हशीच्या मागून थेट त्या मोकळ्या जागेत गेले आणि झेंडी तिथं रोवली. पहिल्यांदा आडवीच पडली. पुन्हा रोवली.

"अठी खण," म्हटलं.

"आजी, इथं खडक आहे म्हणालीस."

"खोटं बोलली. खण."

मशीन गोठ्यातून येईना. मग त्यांनी हातानं फिरवायचं मोठं गिरमिट आणलं. दोघा गड्यांनी फिरवलं. कोपरभर खोल गेलं आणि माती काळी राहिली नाही, निळसर झाली, ओली, तेलकट. मास्क सगळ्यांनी लावले होते, मी पदर लावला होता, तरी कळलं. तो वास मी ओळखते. मोहिनीनं यंत्राची चोच लावली तेव्हा आकडे इतके पळाले की अभिमन साहेबांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. साहेब भिंतीपलीकडे बघून म्हणाले, "टाकीपासून पेट्रोल भरायच्या मशीनला जाणारा पाइप या भिंतीच्या कडेनं गेलाय. सांधा इथंच कुठंतरी असणार." मग बिनसाखरेचा चहा मागितला आणि त्यात मी साखर घातली, तरी ते प्यायले.

मोहिनीनं विचारलं, "आजी, हे तुला कधीपासून माहीत?"

मी आधी म्हटलं, आत्ताच. मग तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, आठ वर्षांपासून.

"इतकं नक्की कसं?"

तिला जे सांगितलं तेच तुला लिहिते. तुला पुष्कळ ठाऊक आहे, पण एवढं नाही.

त्या वर्षी कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचं पीठ मळायला तू बसलीस. पंपावरून पाळी संपवून आलीस, अंघोळ केलीस, लिंबाच्या फोडीनं हात घासलेस. तीनदा. मी मोजत होते, कारण मला तुझी ती पंपावरची नोकरीच सलत होती. भारंब्यांची सून निळा सदरा घालून ट्रकवाल्यांच्या टाक्या भरते, असं लोक म्हणायचे. लोक म्हणायचे की मीच म्हणायची, आता आठवत नाही. तू घागर घेताना म्हणालीस, "आई, नळाचं पाणी घेऊ का? विहिरीचं आज कसंतरीच लागतं." मी म्हटलं, कानबाईच्या रोटाला विहिरीचंच पाणी लागतं, तुमच्या धुळ्याकडे काय चालतं ते मला नको सांगू. तू विहिरीचं घेतलंस.

आणि रोटाला वास आला. पहिला घास घेतला आणि माझ्या नाकाला कळला. सगळी भाऊबंदकी पंगतीत बसलेली, तीस-पस्तीस माणसं. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, हिच्या हाताचा वास आहे, पंपाचे हात घेऊन रोटात बसली, हिनं कानबाईचा रोट बाटवला. तू हात पुढे केलेस सगळ्यांसमोर. "मन्हा हात चोख्खा शेतस, आई." तुझी माहेरची बोली आली तोंडात. तुझ्या त्या "शे"ला मी एरवी हसायची. त्या दिवशीही हसले. पंगतही हसली. मोहिनी खांबाला धरून उभी होती.

तू पिशवी भरलीस, पोरीचा हात धरलास आणि गेलीस. भूपेंद्र दीपनगरच्या वीजकेंद्रात ड्युटीवर होता, त्याला रात्री कळलं. इथपर्यंत तुला माहीत आहे.

पुढचं असं. अभिमन साहेबांना हे समजावून सांगावं लागलं, त्यांच्याकडे कानबाई नाही. रोट घराबाहेर जात नाही, शिल्लक राहिला तर टाकत नाहीत, जेवून हात धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत सोडत नाहीत, खड्डा करून त्यात पुरतात. दरवर्षी खड्डा भूपेंद्र खणायचा. तो नव्हता. बाकीचे बाप्ये जेवून सुपारी कातरत बसले होते. मी टिकाव घेतला आणि गोठ्यामागे गेले. पंचवीस-तीस घाव घातले असतील. कोपरभर गेले आणि माती निळी निघाली. ओली. मूठभर उचलून नाकाशी नेली.

रोटाला जो वास होता तोच. विहीर तिथून दहा पावलं.

मला सगळं त्या एका मुठीत कळलं, ज्योत्स्ना. मोहिनी म्हणते आजी, तू तेव्हा काय समजणार, पाइप फुटलाय हे तुला कसं कळणार. पाइपचं नव्हतं कळलं. पण वास जमिनीचा आहे, पाण्याचा आहे, तुझ्या हाताचा नाही, हे कळलं.

आणि तू तेव्हा स्टँडवर होतीस. धुळ्याची गाडी साडेचारची. गोठ्यातल्या घड्याळात साडेतीन झाले होते. स्टँड दहा मिनिटांवर. मी टिकाव धरून उभी राहिले. आत पंगतीतले हसत होते. आता आत जाऊन काय सांगू, की मी चुकले? आणि स्टँडवर जाऊन तुला काय सांगू? मी रोटाचं पाणी त्या निळ्या मातीत ओतलं, वर माती लोटली, पायानं दाबली. गाडीचा हॉर्न मला ऐकू आला. धुळ्याचीच होती की कुठली, कोण जाणे, पण मी ती धुळ्याचीच धरली.

मग विहीर झाकली. स्वतःला वाचवायला झाकली, कुणी पाणी काढून वास घेऊ नये म्हणून. नसीमला म्हटलं आटली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून उतारावर बोअर घेतली, जिकडं ते पेट्रोल हळूहळू चाललं होतं, माझ्या खोट्याच्या मागोमाग. त्या जागेवर मी तीनदा केळ लावली, झाकायला. तीनही वेळा पानं पिवळी पडून मेली. आपल्या भागात केळ मरते का कधी?

मोहिनी ऐकत होती. हातमोजे काढले नव्हते. म्हणाली, "आजी, आम्ही स्टँडवर तासभर बसलो होतो. मम्मी सारखी रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं गाडी बघते." एवढं बोलून गेली आणि भिंतीशी बसून बाटल्यांना चिठ्ठ्या लावत राहिली. मी जेवायला हाक मारली तर आली नाही. दीड वाजता आली. ताटावर बसली, भाकरी मोडली, म्हणाली, "तूही घे." दोघी जेवलो.

आता काय होणार ते सांगते. अभिमन साहेबांनी तेव्हाच फोन लावले. पंप बंद ठेवलाय, टाक्या रिकाम्या करतायत. अमृतशेठ फाटकात उभा राहून मोठ्यानं बोलत होता, आता बोलत नाही. भिंत पाडतील, गोठा पाडतील, परस सगळं खणतील, म्हशीला शेजारच्या प्रेमराजच्या वाड्यात बांधणार. खराब माती ताडपत्रीखाली झाकून न्यायची असते, उघड्यावर नाही. खाली जमिनीत नळ्या घालून हवा ओढतात म्हणे, महिनोन्‌महिने. दोन वर्षं लागतील कदाचित. नसीमकडे दुपारीच टाकी आली. बोअरला सील केलं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं टाकीची तोटी घट्ट बंद केली. मग म्हणाली, "अक्का, खुशनुमा का रिपोर्ट अच्छा आने दो. उसके बाद मैं तुमसे लडूंगी. आज नहीं." रिपोर्ट शुक्रवारी येणार आहे. नळाच्या कळशीची आता तिला गरज नाही, तरी मी मघाशी रिकामी कळशी घेऊन दोनदा दारापर्यंत गेले.

उद्या दहा वाजता पंचांसमोर माझा जबाब लिहून घेणार. केव्हा पाहिलं, कसं पाहिलं. अभिमन साहेब म्हणाले, "आजी, 'घरगुती कामासाठी खड्डा खणताना' एवढं लिहू, पुरतं." मी म्हटलं, पुरत नाही. कानबाईचा रोट लिहा, सुनेवर आळ घेतला लिहा, सून स्टँडवर होती लिहा. ते म्हणाले हे मातीच्या रिपोर्टात बसत नाही. मोहिनी म्हणाली, "सर, तारीख त्याच्यामुळेच पक्की होते. बसवा." माझ्याकडे न बघता म्हणाली. पण म्हणाली.

कानबाईला या म्हणून मी लिहीत नाही. मला तो हक्क नाही. यंदा तीच सगळी भाऊबंदकी बसेल, पाच-सहा माणसं वर गेली तेवढी कमी. पंगत बसली की मी पुन्हा उभी राहीन, घास घ्यायच्या आधी, आणि हे सगळं सांगेन. हसले तर हसू दे. पीठ मी नळाच्या पाण्यात मळणार. कानबाईला चालेल. तुझं ऐकलं असतं तर तेव्हाही चाललं असतं.

बाटल्यांची बर्फाची पेटी घेऊन जीप आज चार वाजता नाशिकला निघते, धुळ्यावरून. मोहिनीनं ड्रायव्हरला तुझा पत्ता दिलाय, हे पत्र तो तुझ्या हातात देईल. तिनं तुला फोन केलेला नाही. मी म्हटलं, आधी मला सांगू दे. आत काय लिहिलंय ते वाचू का, असंही तिनं विचारलं नाही.

खुशाली राहिली. मी बरी आहे. टेंगूळ उतरलं.

जबाबावर अंगठा चालतो म्हणाले. मी म्हटलं अंगठा नको, सही करीन. लिहिता येत असून इतकी वर्षं बँकेत अंगठाच दिला, पण या कागदावर नको. मोहिनीनं जेवण झाल्यावर रकान्याच्या कागदावर माझं पूर्ण नाव काढून दिलं आणि मी पंधरा वेळा गिरवलं. "भा" वाकडा येतो. उद्या पंचांसमोर करायची ती सही पहिल्यांदा इथं, तुझ्यापुढे करते.

भिकुबाई उखर्डू भारंबे